होय, मी लेखकाशी पूर्ण सहमत आहे

वर्ग हसला तेव्हा मी पण हसली.

‘हसले’ नाही, ‘हसली’. आमच्या आंबागडकडे बाई असंच बोलते, अन् हे सांगताना मी माझी बोली दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवणार नाही. खूप दिवस ठेवली. बस झालं.

बारावीचं वर्ष होतं. तुमसरला एका सरांची इंग्रजीची ट्यूशन लावली होती. पोळा होऊन गेला होता. सरांनी सराव पेपर घेतला होता, न पाहिलेल्या उताऱ्यावर प्रश्नोत्तरं. त्या दिवशी त्यांनी मला पुढं बोलावलं, तपासलेला पेपर माझ्या हातात दिला अन् म्हणाले, तुझी उत्तरं मोठ्यानं वाच. मी वाचायला लागली. पहिल्या उत्तराला पुढच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं. दुसऱ्याला तिघं-चौघं. मला वाटलं, माझा उच्चार चुकला. मी अजून जोर लावून वाचलं. शेवटचं उत्तर होतं, ‘येस, आय फुल्ली ॲग्री विथ द रायटर.’ होय, मी लेखकाशी पूर्ण सहमत आहे. एवढं एकच वाक्य मला अर्थासकट पाठ होतं, म्हणून ते मी चांगलं ठासून म्हटलं. तेव्हा तर बाक वाजले. खाणीच्या कॉलनीतली एक पोरगी हसून हसून डोळे पुसत होती. सरांनी तोंडावर रुमाल धरला होता.

“फुल मार्क,” सर म्हणाले. “हिच्यासाठी टाळ्या.”

टाळ्या वाजल्या. मी पण हसली. मला वाटलं, गावची पोरगी इंग्रजीत पूर्ण मार्क घेते म्हणून हे खूश होऊन राहिले. भैताड होती मी. आज सांगताना पण कानशिलं तापतात.

त्या उताऱ्यात माझी माय होती. तिला भिकारीण म्हटलं होतं. अन् त्याच्याखाली माझ्या हातानं, माझ्या निळ्या पेनानं लिहिलं होतं की लेखकाचं बरोबर आहे. मला हे तेव्हा माहीतच नव्हतं. पुढच्या बाकांना माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, बारावीतल्या पोरीला उत्तरं लिहिता आली अन् उतारा कळला नाही, असं कसं? असंच. त्याच्यासाठी सरांची पद्धत सांगावी लागेल.

वर्गात पुढचे बाक चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीतल्या साहेबांच्या पोरापोरींचे अन् तुमसरच्या मोठ्या दुकानदारांच्या पोरांचे. मागचे बाक आमचे. खेड्यापाड्यांवरून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून येणाऱ्यांचे. फी सारखीच, पंखे मात्र पुढं. पुढच्यांना सर उतारा समजावून सांगत. लेखकाला काय म्हणायचं आहे, तो असं काहून म्हणतो, तुला काय वाटतं, खोडून काढ बघू. ती पोरं सरांशी वाद घालत अन् सर खूश होत.

आमची वेळ आली की सर खडू खाली ठेवत. आम्हाला उतारा वाचायचाच नाही, असा नियम. वाचाल तर अडकाल. आधी प्रश्न पाहायचा. ‘हू’ आला की उताऱ्यात मोठ्या अक्षरानं सुरू होणारं नाव शोधायचं, किंवा माणसासाठी असलेला शब्द. ‘व्हेन’ आला की आकडा. ‘व्हेअर’ आला की ‘इन’ नाही तर ‘ॲट’. ‘व्हाय’ आला की ‘बिकॉज’वर बोट ठेवायचं अन् तिथून टिंबापर्यंतची ओळ जशीच्या तशी उतरवायची. पेन्सिलनं रेघ मार, उतरव, पुढं चल. अन् शेवटचा प्रश्न असतो तुमचं मत विचारणारा. त्याच्यासाठी मागच्या बाकांना एक तयार वाक्य दिलं होतं, ‘होय, मी लेखकाशी पूर्ण सहमत आहे.’ उतारा झाडांवर असो की दारूवर, वाक्य तेच.

एका पोरीनं एकदा विचारलं होतं, सर, आपल्याला पटलं नसेल तर? तेव्हा सर म्हणाले, “तुम्ही कोंबड्या. दाणे टिपा. खळं कोणाचं आहे त्याची चौकशी करू नका.”

त्या दिवसापासून मागचे बाक म्हणजे कोंबड्या. सर हजेरी घेताना पण म्हणत, कोंबड्या आल्या का सगळ्या? आम्ही हो म्हणायचो. अंगाला लागत होतं, नाही असं नाही. पण आम्हाला पास व्हायचं होतं.

मला तर व्हायचंच होतं. मला नर्सिंगला जायचं होतं. आमच्या गल्लीतली माझ्यापेक्षा मोठी एक पोरगी सगळ्या विषयात निघाली अन् इंग्रजीत गेली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. बाबांनी मला सरळ सांगितलं होतं, इंग्रजी निघाली तर नर्सिंगला पाठवतो, नाही निघाली तर पोरगा पाहतो. बाबा वाईट माणूस नाही. तलावाखालची आमची धानाची शेती, तिच्यात जेवढं होतं तेवढ्यातच तो विचार करे. पण शब्दाचा पक्का. म्हणून मी कोंबडी तर कोंबडी म्हणत टिपत बसली. अन् टिपण्यात मी सगळ्यात पटाईत झाली. माझी पेन्सिल सरसर फिरे.

आता तो उतारा कुठून आला ते सांगते.

आमच्या धानाच्या बांध्यांना लागून किल्ल्याकडे जाणारा डांबरी रस्ता आहे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपायच्या दिवशी रोवणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावरून रस्त्यावर येतात. जो कोणी जाईल त्याला थांबवतात. डॉक्टर असो, पुढारी असो, पाहुणा असो. त्याच्या कपाळाला चिखलाचं बोट लावतात, एखादं गाणं म्हणतात अन् बोजारा मागतात. बोजारा म्हणजे रोवणी झाल्याची खुशी. जे येईल त्यातून सगळ्या मिळून गोडधोड करतात. ही भीक नाही. भीक मागणारा वाकतो. बोजारा मागणारी बाई कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहते, कारण समोरच्याच्या ताटातला भात तिनं रोवलेला असतो. आमच्याकडे मोठे मोठे लोक हसत गाडी थांबवतात अन् चिखलाचा टिळा दिवसभर मिरवतात.

त्या वर्षी रोवणीच्या शेवटच्या दिवशी सरांची पांढरी गाडी आली. सोबत बायको, मागं नागपूरचे पाहुणे. किल्ला पाहायला निघाले होते. मी पण बांधीतच होती, गुडघ्याएवढ्या चिखलात. गाडी ओळखली अन् मीच ओरडली, माय, हे माये सर! मायचं तोंड काय उजळलं. तिचा पुढचा एक दात हापशीच्या दांड्यानं तुटला आहे. एरवी ती पदर धरून हसते. त्या दिवशी पदर चिखलानं भरला होता, म्हणून तशीच हसली.

बायांनी गाडी अडवली. सर काच खाली करेनात, म्हणून मायनं बोनेटवर हळूच हात ठेवला. पाच बोटं उमटली. मग काच खाली आली. मायनं सरांच्या कपाळाला चिखलाचं बोट लावलं. सरांची बायको अंग चोरून दाराला चिकटली अन् ‘शी’ म्हणाली. सर हसले. हात लागू नये म्हणून नोट दोन बोटांच्या टोकात धरून त्यांनी पुढं केली.

“मास्तर,” माय म्हणाली, “माया पोरीले इंग्रजी चांगली शिकवजा.”

सर म्हणाले, हो हो, शिकवतो ना. गाडी निघाली. पाऊस नव्हता, तरी लगेच काचेवर पाणी उडालं अन् वायपर फिरायला लागले. बायांना त्याचं पण हसू आलं. त्या पैशातून रव्याचा शिरा झाला अन् माय सगळ्यांना सांगत होती, पोरीच्या मास्तरनं देल्ला बोजारा.

पंधरा-वीस दिवसांनी वर्गात सराव पेपर झाला. सर म्हणाले, हा उतारा मी स्वतः लिहिला आहे, कुठल्या गाइडात सापडायचा नाही. मी नेहमीसारखा आधी प्रश्न पाहिला अन् पेन्सिल फिरवली. शेत, चिखल, गाडी, बाया एवढे शब्द ओळखीचे दिसले. बाकीचे जड जड होते. मला वाटलं, शेतीवर काहीतरी आहे. मला आनंदच झाला. टिपलं, उतरवलं, खाली सहमत होऊन मोकळी झाली.

पूर्ण मार्कांचा तो पेपर मी घरी आणला. मायनं लाल पेनाचा आकडा पाहिला. आकडे तिला कळतात. तिनं विचारलं, काय लिवलं हाय यात? मी म्हटलं, शेतीचं आहे, रोवणीचं. माय बघतच राहिली. आपल्या रोवणीचं इंग्रजीत लिहितात, हे तिला खरंच वाटेना. तिनं भाताची पेज घेतली, कागदाला मागून चोपडली अन् चुलीच्या वरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी तो पेपर चिकटवला. रोज भाकरी थापताना तिच्या डोळ्यांसमोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवे, पोरीचा इंग्रजीचा कागद. पाहुणे मान हलवत. त्यांना पण वाचता येत नव्हतं. दोन महिने तो कागद आमच्या भिंतीवर होता, तोंड वर करून.

दिवाळी झाली अन् गावाची मंडई आली, म्हणजे जत्रा. आमच्याकडे मंडईला सगळे पाहुणे येतात. जवाहरनगरहून मावशी आली. मावसा कारखान्यात कामाला, त्यांची पोरगी तिथंच क्वार्टरमध्ये वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मी तिला दीदी म्हणते. जेवताना मायनं तिला पण कौतुकानं सांगितलं, तुया बहिणीचा पेपर वाच वो. दीदी हात धुऊन उठली, भिंतीजवळ गेली अन् धडाधडा मोठ्यानं वाचायला लागली. चार ओळी वाचल्या. मग तिचा आवाज बारीक झाला. मग बंद. ती नुसती डोळ्यांनी वाचत खाली गेली. शेवटपर्यंत.

माय म्हणाली, काहून थांबली, चांगलं वाचून राहिली होती ना. दीदी म्हणाली, मावशी, चष्मा नाही आणला. तिला चष्मा नाहीच आहे.

तिनं मला घरामागं नेलं. तिथं कापलेल्या धानाचं पुंजणं रचलेलं होतं, त्याच्या आडोशाला. माझा दंड धरून तिनं विचारलं, “तुले माहीत आहे ना, तू कायले हो म्हटलं ते?”

मग तिनं सांगितलं. उताऱ्याचं नाव होतं ‘चिखलातल्या भिकारणी’. काही मागास गावांत पाऊस आला की बाया रस्त्यावर उभ्या राहून भीक मागतात अन् त्याला चालरीत म्हणतात. स्वच्छ गाड्यांना घाणेरडे हात लावतात. त्यांच्यात एक काळी, दात तुटलेली बाई पुढारी आहे. तिला वाटतं, आपली पोरगी इंग्रजी शिकेल. ती पोरगी शेवटच्या बाकावर बसते अन् तिचा वास येतो. यांना पैसे देऊ नयेत, कारण ते दारूत जातात. जे हात चिखलासाठी झाले आहेत त्यांनी चिखलातच राहावं, पेन धरून बाकं अडवू नयेत.

मग प्रश्न. बाया कुठं उभ्या राहतात? पुढारी बाईचं तोंड कसं आहे? कोणाचा वास येतो? पैसे काहून देऊ नयेत? लेखकाचं म्हणणं तुम्हाला पटतं का?

कोणाचा वास येतो, याचं उत्तर मी वर्गासमोर उभी राहून ठासून वाचलं होतं. शेवटच्या बाकावरच्या पोरीचा. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

मला रडू आलं नाही. मी घरात गेली अन् भिंतीवरचा कागद ओढला. पेज घट्ट बसली होती. कागद तुकड्या-तुकड्यानं निघाला, सोबत भिंतीचे पोपडे पण आले. पाहुणे बघतच राहिले. माय धावत आली. काहून फाडून राहिली, म्हणून माझा हात धरला. मावशी म्हणाली, जाऊ दे, पोरगी आहे. पण मायनं हात सोडला नाही. तिला खोटं सांगता आलं असतं. दीदी मागून खुणा करत होती, सांगू नको. मी सांगितलं. सगळं. दाताचं पण. दोन महिने ती या कागदासमोर भाकरी थापत होती. अजून किती दिवस तिला उल्लू बनवायचं?

माय चुलीजवळ खाली बसली. मग विचारलं, “मंग त्यानं बोजारा कायले देल्ला? नाही म्हनायचं होतं.”

तिनं खालचा एक तुकडा उचलला, माझ्या निळ्या अक्षरांचा. तिला माझं अक्षर ओळखता येतं.

“अन् हे तुया हातचं? हे काय लिवलं हाय?”

मी सांगितलं. की लेखकाचं बरोबर आहे.

तिनं तो तुकडा चुलीत टाकला नाही. माझ्या हातात ठेवला अन् पाहुण्यांना वाढायला उठली. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती बोजारा मागायला रस्त्यावर गेली नाही. आजपर्यंत गेलेली नाही. बाकीच्या बाया बोलवतात. ती धुऱ्यावर बसून राहते, पदर तोंडावर धरून. माझ्या मायची ती ताठ उभी राहण्याची एक जागा होती वर्षातून एकदा. ती त्या माणसानं एका पानात खाल्ली. याची भरपाई कुठं मागायची, सांगा.

दीदी मंडई संपल्यावर पण दोन दिवस थांबली. तुकडे जोडून आम्ही दोघींनी तो उतारा ओळ-ओळ लावला. शब्दकोश पाहत. पहिल्यांदा मी इंग्रजीचा एक उतारा पूर्ण वाचला. पहिला उतारा वाचला तो हा.

सुट्टी संपली. वर्ग भरला. सर नवीन उतारा वाटून राहिले होते. मी उभी राहिली अन् म्हटलं, सर, तुम्ही लिहिलेला तो उतारा मला आता समजला आहे, सांगू का? सर खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, अरे वा, कोंबडी बोलली. सांग.

मी वहीतला जोडलेला कागद काढला अन् आमच्या बोलीत सांगायला लागली. ‘पानी आला का बाया रस्त्यावर उभ्या राहून भीक मागतेत.’ पुढचे बाक हसले, आधीपेक्षा जास्त. त्यांना बोलीचं हसू आलं. मी थांबली नाही. ‘एक काळी बाई पुढारी हाय. तिचा दात तुटला हाय.’ मी म्हटलं, ही माझी माय आहे. ज्या पोरीचा वास येतो ती मी. आता जवळ बसून वास घेऊन बघा कोणाला घ्यायचा असेल तर. हसणं जरा कमी झालं. डोळे पुसणाऱ्या पोरीनं मान खाली घातली. एक पोट्टा मोबाइलवर माझा व्हिडिओ काढून राहिला होता, तो काढतच राहिला.

मला वाटलं होतं, सर शरमतील. काही नाही. सरांनी टाळी वाजवली. पुढच्या बाकांकडे पाहून म्हणाले, “बघा. मागच्या बाकावरचीला पण समजायला लागलं. याला म्हणतात कॉम्प्रिहेन्शन.”

माणूस इतका निबर असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही त्याच्यासमोर रक्त काढून ठेवा, तो त्याचं श्रेय घेईल.

मी टेबलाजवळ गेली. शेवटच्या उत्तरावर काट मारली. त्याच्याखाली लिहिलं, ‘नो’. कागद सरांच्या पुढ्यात ठेवला अन् म्हटलं, तपासा.

सरांचं हसू गेलं. “नो लिहिणाऱ्याला काय लिहावं लागतं पुढं, माहीत आहे? कारणं. इंग्रजीत. येतील तुला? मुकाट्यानं येस लिही अन् बस खाली.”

“नाही बसत,” मी म्हटलं.

एवढंच बोलली. जास्त इंग्रजी येत नव्हती अन् मराठी त्याला द्यायची नव्हती. कागद परत घेतला, दप्तर उचललं. माझ्या बाजूला बसणारी माझ्याच गावची मैत्रीण, जिच्यासोबत मी रोज काळीपिवळीत येत-जात होती, तिनं वर पाहिलं नाही. ती नवीन उताऱ्यावर पेन्सिल फिरवून राहिली होती. तिला पण पास व्हायचं होतं.

घरी जाईपर्यंत सरांचा बाबांना फोन गेला होता. पोरगी उद्धट आहे, वर्गातून काढली, आता पास होणं कठीण आहे. बाबांनी मला मारलं नाही. म्हणाले, दोन-तीन महिने मान खाली घालून काढले असते तर काय बिघडत होतं? आता तुझ्या अकलेनं पास हो. नाही झाली तर माझा शब्द तुला माहीत आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. ट्यूशन बंद. इंग्रजी म्हणजे एक फाटका उतारा अन् दीदीचा जुना शब्दकोश.

मला खरंच भीती वाटली. रागात बाहेर पडणं सोपं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते कोणी सांगत नाही. मैत्रिणीकडून जुने पेपर मागून आणले. ते तिनं दिले, दारातच. संध्याकाळी माय तांदूळ निवडायला बसली की मी बाजूला उतारा घेऊन बसे. आधी पूर्ण वाचायचा. मग मायला आमच्या बोलीत सांगायचा. माय मधेच विचारे, त्यानं तसं काहून केलं? लिहिणाऱ्याले कोनं सांगतलं? मला सांगता आलं नाही की ती मान हलवे, म्हणजे परत वाच. एक उतारा दोन-दोन संध्याकाळी चाले. पास व्हायच्या हिशोबानं ही पद्धत चुकीची होती. मला माहीत होतं. माझी टिपणारी पेन्सिल मी मोडून टाकली होती अन् वाचायला मला उशीर झाला होता.

बोर्डाच्या पेपरात तसंच झालं. उतारा होता इंग्रजीवर, ही भाषा आली की सगळी दारं उघडतात असं काहीतरी. मी पूर्ण वाचला. शेवटी मत विचारलं होतं. ते तयार वाक्य माझ्या बोटांत येऊन उभं राहिलं. हात थांबवावा लागला. मग मी लिहिलं, नाही, मी पूर्ण सहमत नाही. का, ते पाच-सहा मोडक्या वाक्यांत लिहिलं. त्यात वेळ गेला. पत्रलेखन अर्धं राहिलं अन् घंटा झाली.

पास झाली. काठावर. मैत्रिणीला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पडले, टिपून. हे पण लिहून ठेवते, म्हणजे कोणी माझी गोष्ट पोरींना ‘बघा, सत्याचा विजय’ म्हणून सांगायला नको. विजयबिजय काही नाही. बाबांनी शब्द पाळला, एवढंच.

निकालानंतर तुमसरच्या स्टँडजवळ सरांचा फ्लेक्स लागला. कॉलनीतली पोरं वरच्या रांगेत मोठी. खालच्या रांगेत चिल्लर फोटो. त्यात मी. ‘ग्रामीण भागातील यशस्वी विद्यार्थिनी’. वर्गातून काढलेली पोरगी पास झाली तर सरांची. मी त्यांना फोन करून सांगितलं, फोटो काढा. ते म्हणाले, अगं, तू आमची शान आहेस. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शेतातला विळा घेऊन गेली अन् फ्लेक्समधला माझा चौकोन कापून काढला. पानठेल्यावरचे लोक बघत होते. एकानं विचारलं, काय करून राहिली वो? मी म्हटलं, माझं तोंड घेऊन जाऊन राहिली. पावसाळाभर तो फ्लेक्स त्या भोकासकट तिथंच होता.

आता मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात ड्यूटी असते. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या नातेवाइकाकडून संमतीचा कागद घेतात. तो बहुतेक इंग्रजीत. खाली जागा असते, मला सगळं समजलं, मी सहमत आहे. तिथं अंगठा घ्यायचा. वॉर्डात गर्दी असते, सिस्टरला घाई असते. मी पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा खालच्या ओळीवर माझी नजर खिळली. तेच वाक्य. मागच्या बाकांचं तयार वाक्य. इथं फक्त शाई जांभळी.

परवा एक बाई होती, गोंदियाकडच्या खेड्यावरची. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. पायाला अजून रोवणीचा चिखल वाळलेला. मोठ्या सिस्टरनं शाईचा पॅड उघडून मला म्हटलं, घे अंगठा, टाइम नाही. बाईनं आपणहून हात पुढं केला. अंगठा ताठ करून. विचारलं पण नाही कायचा कागद आहे म्हणून. मी तिचा हात धरून खाली केला. सिस्टर म्हणाली, काय नाटक लावलं, रोज हेच, तुझी तक्रार करते. करा म्हटलं. रोज हेच होईल. मी जिथं ड्यूटीवर आहे तिथं कोणाचाही अंगठा न वाचलेल्या कागदावर पडणार नाही. मग माझे मार्क कापा, नाही तर मला काढा. स्वतःला काढून घ्यायची सवय आहे मला.

“बाई,” मी म्हटलं, “आंधी आयक यात काय लिवलं हाय. मंग हो म्हन, नाही तं नाही म्हन.”

बाई घाबरून सिस्टरकडे पाहू लागली. मी पॅडचं झाकण लावलं, कागद घेतला अन् पहिल्या ओळीपासून आमच्या बोलीत सांगायला सुरुवात केली.